छपरापर्यंत त्यांचे, घरात आपले

उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या इंटरनेटचा विषय निघाला की बहुतेकांची चौकशी छपरावरच्या डिशपाशी थांबते. वेग किती मिळतो, पावसात बंद पडते का, महिन्याला किती पैसे मोजावे लागतात, असे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे आता बऱ्याच जणांना ठाऊकही झाली आहेत. मला ज्या प्रश्नाने अधिक काळ गुंतवून ठेवले तो मात्र डिशपासून निघालेली केबल भिंतीतल्या भोकातून घरात आल्यानंतर सुरू होतो. त्या केबलचे टोक कंपनीने पाठवलेल्या राउटरला जोडून मोकळे व्हायचे, की तेथून पुढचे सगळे आपल्या हाती ठेवायचे? वरवर पाहता हा तांत्रिक तपशील आहे. पण त्यात कंपनीची हद्द कोठे संपते आणि घराची कोठे सुरू होते हे ठरवणे आले, आणि हद्दीचा प्रश्न आला की मराठी माणूस बांधावर जाऊन उभा राहतोच.

आम्ही अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, ज्याला येथे ‘नॉर्थईस्ट किंगडम’ म्हणतात त्या भागात, एका कच्च्या रस्त्याच्या टोकाशी राहतो. दोन घरांमध्ये मेपलचे जंगल, एखादे गुरांचे कुरण आणि पुष्कळशी शांतता असते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारे इंटरनेट एक्स्चेंजपासून जितके दूर जावे तितके क्षीण होत जाते, आणि आमच्या घरापर्यंत येईतो त्यात ईमेल वाचण्याइतकीच ताकद उरलेली असे. जुन्या पद्धतीचे उपग्रह इंटरनेट मिळत होते, पण ते उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर असतात. आपली मागणी वर जाऊन जमिनीवरच्या केंद्रात उतरणार आणि उत्तर पुन्हा वर जाऊन आपल्याकडे येणार, म्हणजे सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि त्यावर कोणत्याही कंपनीचा इलाज चालत नाही. सांगलीला असलेल्या आईशी अशा जोडणीवरून बोलताना दोघींनी एकाच वेळी बोलायला सुरुवात करायची आणि मग एकाच वेळी गप्प बसायचे, असा प्रकार होतो.

स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेने बदलली ती मुख्यतः ही उंची. तिचे पहिले साठ कार्यरत उपग्रह मे २०१९मध्ये सोडले गेले, ऑक्टोबर २०२०मध्ये निवडक ग्राहकांसाठी चाचणी सेवा सुरू झाली आणि २०२५च्या अखेरीस कक्षेतल्या उपग्रहांची संख्या आठ हजारांच्या पुढे गेली होती. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे वर-खाली जाण्यायेण्याचा निव्वळ वेळ सात-आठ मिलिसेकंदांवर येतो. बाकीच्या गोष्टी धरून प्रत्यक्षात पंचवीस ते साठ मिलिसेकंद लागतात आणि संभाषण पुन्हा संभाषणासारखे होते. उंची कमी केल्याची किंमत अशी, की कोणताही उपग्रह एका जागी थांबत नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने तो डोक्यावरून निघून जातो आणि डिशला सतत नवा उपग्रह धरावा लागतो. हे काम डिश जागेवरून न हलता करते. तिच्या सपाट पृष्ठभागाखालच्या शेकडो लहान अँटेनांना मिळणाऱ्या लहरींच्या चढउताराची वेळ किंचित पुढेमागे करून ती आपली नजर आकाशात फिरवते.

महाराष्ट्रातल्या गच्चीवरच्या डीटीएचच्या डिश दक्षिणेकडे कलत्या असतात, कारण त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर आहेत. आमची डिश उत्तरेकडे तोंड करून बसते. या उपग्रहांपैकी बहुतेकांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५३ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ५३व्या अक्षांशाच्या आसपास त्यांची दाटी होते, आणि आम्ही ४५व्या अक्षांशाच्या जवळ असल्यामुळे ती दाटी आम्हाला उत्तरेला दिसते. शिवाय विषुववृत्तावरच्या स्थिर उपग्रहांच्या लहरींत ढवळाढवळ होऊ नये म्हणून आकाशाचा तो पट्टा टाळावा लागतो. उत्तरेलाच आमचे सर्वांत उंच मेपल उभे आहेत. हिवाळ्यात त्यांच्या काड्या उरतात तेव्हा जोडणी ठणठणीत असते, आणि मे महिन्यात पालवी फुटली की कंपनीच्या ॲपमधल्या आकाशाच्या नकाशावर लाल डाग उगवू लागतात. शेवटी डिश धान्याच्या जुन्या कोठाराच्या छपरावर न्यावी लागली. झाडे तोडण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता, पण ज्या झाडांचा रस आटवून मार्च-एप्रिलमध्ये शेजारी पाक करतात ती झाडे इंटरनेटसाठी पाडण्याची भाषा या गावात मोठ्याने बोलू नये.

आता केबलच्या घरातल्या टोकाकडे वळते. स्टारलिंकच्या पहिल्या, गोल डिशच्या काळात हा प्रश्न सोपा होता. डिशला वीज पुरवणाऱ्या ठोकळ्याला दोन पोर्ट असत, एक डिशसाठी आणि एक राउटरसाठी; कंपनीचा राउटर काढून तेथे स्वतःचा राउटर जोडला की काम झाले. २०२१च्या अखेरीस चौकोनी डिश आली आणि चित्र बदलले. वीज पुरवण्याचे काम राउटरच्याच पोटात गेले, केबलच्या दोन्ही टोकांना कंपनीचे स्वतःचे वेगळ्या घडणीचे कनेक्टर आले, आणि त्या राउटरवर साध्या नेटवर्क केबलसाठी एकही पोर्ट ठेवलेला नव्हता. स्वतःची उपकरणे जोडायची असतील तर वेगळा अडॅप्टर विकत घ्यावा लागे. असा राउटर पाहून मला त्या काळी नवल वाटले होते आणि थोडा रागही आला होता. काही हौशी मंडळींनी केबल कापून, तिच्यातल्या तारांची मांडणी शोधून, बाहेरून वीज देण्याच्या युक्त्या काढल्या. त्यांचे कौतुक आहे, पण त्या वाटेला जाण्याची शिफारस मी करणार नाही. वॉरंटी जाते ती जातेच, शिवाय डिशला लागणारी वीज बाजारातल्या नेहमीच्या नेटवर्क स्विचमधून मिळणाऱ्या विजेच्या मापात बसत नाही. २०२३च्या अखेरीस आलेल्या नव्या पिढीत राउटर पुन्हा माणसांत आला, म्हणजे त्याच्या मागे साधे दोन नेटवर्क पोर्ट मिळू लागले, आणि २०२४च्या लहानशा ‘मिनी’ डिशमध्ये तर राउटर डिशच्या आतच बसवलेला असतो, पण त्यालाही एक पोर्ट दिलेला आहे.

कंपनीचा राउटर वाईट आहे, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. ज्या घरात चार फोन, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप आहे तेथे तो उत्तम चालतो, स्वतःहून अद्ययावत होतो आणि बिघडला तर कोणाला विचारायचे हे पक्के असते. तो बाहेरून येणाऱ्या जोडणीला घरातल्या विशिष्ट यंत्राकडे वळवू देत नाही, आणि आम्हाला हवे तसे नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे करण्यासाठी तो बनवलेला नाही. आमच्याकडे तळघरात फोटो आणि कागदपत्रे साठवणारे एक यंत्र आहे, गोठ्यात आणि फाटकाशी कॅमेरे आहेत, माझ्या कार्यालयाचा लॅपटॉप आहे आणि मुलाची खेळाची यंत्रे आहेत. स्वस्तातल्या कॅमेऱ्याने माझ्या कार्यालयाच्या लॅपटॉपच्या शेजारी बसू नये, त्याला बाहेरच्या जगाशी बोलण्याची मुभा असू नये, अशी माझी इच्छा आहे. ती कंपनीच्या राउटरकडून पुरी होणारी नव्हती आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नव्हते.

येथे थोडे मागे जावेसे वाटते, कारण कंपनीच्या तारेला आपले यंत्र जोडण्याचा हक्क आपोआप मिळालेला नाही. अमेरिकेत टेलिफोनच्या जाळ्याला ‘परके’ उपकरण जोडण्यास कंपनीची सक्त मनाई असे. टेक्ससमधल्या थॉमस कार्टर यांनी रेडिओवरचे संभाषण टेलिफोनवर पोहोचवणारे कार्टरफोन नावाचे साधे यंत्र बनवले. तेलविहिरींवर काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होई. त्यावरून वाद झाला आणि १९६८मध्ये तेथील दळणवळण आयोगाने निर्णय दिला, की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडता आले पाहिजे. पुढे घरोघरी आलेले मोडेम आणि फॅक्स यंत्रे त्या दारातून आत आली. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर निवडण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. २००३मध्ये लिंक्सिस कंपनीला आपल्या एका निळ्या-काळ्या राउटरच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर मुक्त परवान्याच्या अटींमुळे खुला करावा लागला, आणि त्यातून पुढच्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. माझ्या तळघरातला पंखा नसलेला, वहीएवढा राउटर आज त्याच प्रकल्पाच्या आज्ञावलीवर चालतो. म्हणूनच केबलच्या टोकाशी मी जे करते ते मला केवळ हौस वाटत नाही.

प्रत्यक्ष जोडणीत करायचे फार नसते, समजून घ्यायचे बरेच असते. कंपनीच्या राउटरला काहीही न सांगता त्याच्या पोर्टला आपला राउटर जोडला तरी इंटरनेट चालते. मात्र तेव्हा पत्ते, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारे आकडे, बदलण्याचे काम दोन राउटर एकामागोमाग करतात. घरातल्या यंत्राचा खासगी पत्ता आधी आपला राउटर बदलतो आणि मग कंपनीचा राउटर पुन्हा बदलतो. संकेतस्थळे वाचताना हे जाणवत नाही, पण खेळ, दूरवरून जोडणी किंवा काही प्रकारची संभाषणे अडखळू लागतात. त्यातही मोठी गंमत अशी, की कंपनीचा राउटर घरातल्या पत्त्यांसाठी १९२.१६८.१ने सुरू होणारी मालिका वापरतो आणि बाजारातले कितीतरी राउटर मुळात हीच मालिका घेऊन येतात. दोन्हीकडे तीच मालिका असली तर आपल्या राउटरला आत कोणते आणि बाहेर कोणते हेच कळेनासे होते. आपल्या घरासाठी वेगळी, सहसा कोणी न वापरणारी मालिका आधीच निवडून ठेवावी, हे मी कोणालाही सांगेन, मग जोडणी कोणत्याही प्रकारची असो.

याहून स्वच्छ मार्ग म्हणजे बायपास मोड. ॲपमध्ये राउटरच्या सेटिंगच्या खोलात जाऊन तो सुरू केला, की कंपनीच्या राउटरचे वाय-फाय बंद होते, पत्ते वाटणे थांबते आणि डिशकडून येणारी जोडणी सरळ आपल्या राउटरच्या हाती येते. तरीही तो राउटर काढून माळ्यावर टाकता येत नाही, कारण डिशला वीज त्याच्याचमधून जाते. आमच्या तळघराच्या फळीवर तो पांढरा राउटर असा नुसता वीज वाहणारा होऊन उभा आहे. त्याच्या एका बाजूला कोठारातून जमिनीखालून आलेली करडी केबल, दुसऱ्या बाजूला माझ्या राउटरकडे जाणारी हातभर लांबीची निळी केबल. बायपास मोड सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की असावी. परत यायचे तर ॲपमधले बटण उपयोगाचे नाही, राउटर मूळ स्थितीला रीसेट करावा लागतो.

त्यानंतर माझ्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १००ने सुरू होणारा आकडा दिसू लागला. ज्याने आयुष्यभर तांब्याच्या तारेवर घरचा सर्व्हर चालवला आहे त्याला हा आकडा पाहताच अर्थ कळतो. १००.६४ने सुरू होणारी ही मालिका २०१२मध्ये खास सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आली. इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात पुरेसे उरलेले नाहीत, म्हणून एकेका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी अनेक ग्राहक बसवते. बाहेर जाणाऱ्याला त्याचा त्रास नाही. बाहेरून कोणी आपल्या घराचा पत्ता शोधत आला, तर मात्र तो कंपनीच्या केंद्रापर्यंत येऊन थांबतो, कारण त्यातले आमचे घर कोणते हे तिथून ठरवता येत नाही. आपल्या राउटरवर बाहेरून आत येण्याची दारे (यांनाही पोर्टच म्हणतात) कितीही उघडून ठेवली तरी त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही. सार्वजनिक पत्ता महागड्या, व्यवसायासाठीच्या योजनांबरोबर मिळू शकतो, पण आईने फोटो पाहावेत एवढ्यासाठी तो घेणे मला पटले नाही.

यातून वाट मिळाली ती नव्या, सहाव्या आवृत्तीच्या (आयपीव्ही६) पत्त्यांमुळे, आणि ती सांगलीच्या बाजूनेही खुली असावी याचे मला फार समाधान वाटले. स्टारलिंक आपल्या राउटरला सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचा एक गट सोपवते. कंपनीच्या भाषेत तो /५६ असतो, आणि त्यातून घरात २५६ वेगवेगळी उपजाळी करता येतात. मला चार लागतात. हे पत्ते सार्वजनिक असतात आणि वाटेतला कोणताही राउटर ते बदलून पुढे पाठवत नाही. भारतातल्या मोबाइल कंपन्यांनी ही नवी आवृत्ती अमेरिकेतल्या कित्येक कंपन्यांपेक्षा अधिक व्यापकपणे वापरात आणली आहे. त्यामुळे सांगलीच्या गावभागातल्या घरात बसलेल्या आईच्या फोनपासून माझ्या तळघरातल्या यंत्रापर्यंत मध्ये कोणाचेही दार न ठोठावता जाणारा मार्ग तयार असतो. अर्थात सार्वजनिक पत्ता म्हणजे सार्वजनिक धोका. म्हणून राउटरची भिंत (फायरवॉल) सर्व बाजूंनी बंद ठेवून तीत वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीसाठी एकच फट ठेवली आहे, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याशिवाय इतरांना ती फट दिसतही नाही. पत्त्यांचा गट अधूनमधून बदलू शकतो, त्यामुळे घराचे इंटरनेटवरचे नाव आणि पत्ता यांची जुळणी राउटरला आपणहून करू द्यावी लागते. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी टेलस्केलसारख्या सेवा आहेत. दोन्ही टोके आतून बाहेर येऊन एकमेकांना भेटतात आणि वरच्या अडचणीचा प्रश्नच उरत नाही.

बायपास केल्यावर आणखी एक गोष्ट हरवल्यासारखी वाटते, ती म्हणजे डिशची खबरबात. डिशचे स्वतःचे पान १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर असते, आणि हा खासगी पत्ता असल्यामुळे अनेक सावध राउटर तो बाहेरच्या बाजूला जाऊच देत नाहीत. त्या मालिकेसाठी एक ठरलेला मार्ग राउटरवर लिहून ठेवला, आणि भिंतीचा खासगी पत्ते अडवण्याचा नियम तेवढ्यापुरता सैल केला, की ॲपला डिश पुन्हा सापडते. या पत्त्याची एक खोडही आहे. डिशला उपग्रह सापडलेला नसताना ती स्वतःच आपल्या राउटरला १९२.१६८.१००मधला एखादा पत्ता देऊ करते, राउटर तो भाबडेपणाने घेतो आणि जोडणी आली असे समजून बसतो. पर्यायी जोडणी ठेवलेली असेल तर हा भ्रम महागात पडतो. डिशने असा देऊ केलेला पत्ता स्वीकारू नकोस, असे राउटरला बजावून ठेवण्याची सोय चांगल्या राउटरमध्ये असते.

मला सर्वांत अधिक रस वाटला तो विलंबाच्या प्रश्नात, आणि येथे स्वतःचा राउटर असल्याचा फायदा मला कानांनी ऐकू आला. मुलाचा फोन वाय-फायमध्ये आला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी सांगलीत सकाळ झालेली असते म्हणून आईचा फोन येतो. वेग मोजला तर भरपूर दिसतो, तरी आवाज तुटतो. याचे कारण वाटेतल्या साठवणुकीत आहे. उपकरणांत डेटा रांगेत उभा करण्यासाठी जागा ठेवलेली असते, ती अवाजवी मोठी असली की फोटोंचे ढीग रांग अडवतात आणि त्यांच्यामागे आईच्या आवाजाचे छोटे तुकडे ताटकळत राहतात. जिम गेटिस, डेव्ह टॅट या नेटवर्क तज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याकडे जगाचे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये रांग आवरण्याची जी पद्धत मांडली, तिच्या आधारावर घडलेल्या सुधारित पद्धती आज ओपनडब्ल्यूआरटीमध्ये हाताशी आहेत. एप्रिल २०२५मध्ये टॅट यांचे निधन झाले. स्टारलिंकमधल्या विलंबाविषयी ते अखेरपर्यंत चिकाटीने बोलत राहिले होते.

या पद्धतीला एक गोष्ट आधी सांगावी लागते, ती म्हणजे जोडणीचा वेग. त्याच्या किंचित खाली राहून राउटर रांग स्वतःच्या ताब्यात ठेवतो. फायबरला हा आकडा एकदा लिहिला की विसरता येतो. येथे तसे चालत नाही. आशिया-पॅसिफिकमधल्या इंटरनेट पत्त्यांचे वाटप पाहणाऱ्या एपनिक या संस्थेतील जेफ ह्यूस्टन यांनी आणि इतर संशोधकांनी मोजून दाखवले आहे, की स्टारलिंकचे जाळे दर पंधरा सेकंदांनी कोणती डिश कोणत्या उपग्रहाशी बोलणार याची नव्याने वाटणी करते आणि त्या त्या क्षणी विलंब व वेग दोन्ही उडी मारतात. संध्याकाळी आसपासचे सगळे ग्राहक घरी आले की वेग आणखी निराळा. म्हणून सतत विलंब मोजत राहून मर्यादा वरखाली करणारी छोटी आज्ञावली राउटरवर चालवावी लागते. ती वेगाच्या चाचणीतला कमाल आकडा थोडा कमी करते, आणि ज्यांना त्या आकड्याचे छायाचित्र मित्रांना पाठवायचे असते त्यांना हे रुचत नाही. मला आईचे वाक्य सलग ऐकू येणे अधिक मोलाचे वाटते.

स्वतःचा राउटर असला की दुसरी जोडणीही त्याच्या हाताखाली ठेवता येते. तांब्याची ती जुनी, मंद जोडणी आम्ही सर्वांत स्वस्त योजनेवर चालू ठेवली आहे. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली. कंपनीने नंतर सांगितले, की मुख्य जाळे चालवणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअर सेवांमध्ये बिघाड झाला होता. म्हणजे डिश, आकाश आणि उपग्रह सगळे जागेवर असूनही जोडणी नव्हती. अशा वेळी राउटरने काही सेकंदांत जुन्या तारेवर जावे आणि नवी जोडणी परतली की माघारी यावे, एवढेच अपेक्षित असते. घरातल्या कोणालाही वाय-फायचे नाव बदलावे लागत नाही, की प्रिंटर नव्याने शोधावा लागत नाही.

या सगळ्याची दुसरी बाजू माझा नवरा मला वेळोवेळी ऐकवतो, आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. मी दर हिवाळ्यात सांगलीला जाते. त्या काळात येथे काही बिघडले तर तळघरातल्या फळीवरच्या निळ्या, पिवळ्या, करड्या केबलांपैकी कोणती कोठे जाते हे त्याला कोण सांगणार? कंपनीच्या मदत केंद्राला तुमचा राउटर त्यांचा नाही एवढे कळले, की पहिले उत्तर ‘बायपास काढा आणि मग बोला’ असेच मिळते, आणि त्यांच्या बाजूने ते वाजवी आहे. ज्या घरात एकाच माणसाला सगळे ठाऊक असते ते घर त्या माणसाच्या अनुपस्थितीत अडून बसते. म्हणून प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे, राउटरच्या सेटिंगची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली आहे, आणि फळीच्या आतल्या बाजूला एका कागदावर ‘काहीच चालत नसेल तर’ या मथळ्याखाली कंपनीचा राउटर मूळ स्थितीला कसा आणायचा ते लिहून ठेवले आहे. तो कागद हा माझ्या नेटवर्कचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे नवऱ्याचे मत आहे.

हे सारे आता महाराष्ट्रातल्या वाचकांच्याही कामाचे ठरू शकते. जून २०२५मध्ये स्टारलिंकला भारताच्या दूरसंचार विभागाकडून परवाना मिळाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागांसाठी कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. भामरागडच्या एखाद्या आश्रमशाळेत किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रात अशी डिश बसली, तर तेथे माझ्यासारखे एका कुटुंबाचे चोचले नसतील. एका जोडणीवर शिक्षक, मुले, कार्यालय आणि औषधांच्या साठ्याची नोंद एकाच वेळी चालेल, आणि रांग आवरणारा, कप्पे पाडणारा राउटर तेथे माझ्यापेक्षा अधिक लागेल. मोबाइलचे अर्धवट नेटवर्क असेल तेथे ते पर्यायी जोडणी म्हणून त्याच राउटरला जोडता येईल. ज्या लहरींवर डीटीएच चालते त्याच पट्ट्यात ही डिशही ऐकते, तेव्हा आषाढातल्या मुसळधार सरीत टीव्हीवर जसे चित्र गोठते तसा प्रकार येथेही अधूनमधून होणार, हे गृहीत धरावे.

विजेचा हिशेब मात्र आधीच करून ठेवावा. नेहमीच्या आकाराची डिश सरासरी ७५ ते १०० वॉट ओढते, म्हणजे अखंड चालली तर महिन्याला ५४ ते ७२ युनिट. भारनियमनात ती इन्व्हर्टरवर चालवायची असेल तर बॅटरी त्या मापाची हवी, आणि तिच्यावर आपला राउटर व स्विच हेही धरावे लागतील. ‘मिनी’ डिश कितीतरी कमी विजेवर भागवते आणि १२ व्होल्टपासून पुढे थेट बॅटरीवर चालते, त्यामुळे सौर पॅनेल असलेल्या जागी मी आधी तिचा विचार करीन. डिशपासून येणाऱ्या केबलला घरात शिरण्यापूर्वी खाली एक झोळ द्यावा म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत आत येत नाही, आणि मे-जूनच्या वळवाच्या विजा लक्षात घेता खांबाचे अर्थिंग गावातल्या जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. राउटर कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा साधा राउटर त्या कामाला पुरतो, फक्त विकत घेण्यापूर्वी त्याच्या नेमक्या मॉडेलचे नाव प्रकल्पाच्या यादीत आहे का हे पाहून घ्यावे, कारण एकाच नावाखाली कंपन्या आतले भाग बदलत राहतात.